पाचशे रुपये वजा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या चादर कारखान्यात हार्डडिस्क दोन वर्षं टिकली तर नशीब. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी, तिच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगणारं हेड, आणि पार्टिशनपलीकडं दिवसभर माग धडधडतायत. सीपीयूचा पंखा उघडला की मूठभर रुई. तेव्हा मीच म्हटलं, "अण्णा, हार्डडिस्कऐवजी एसएसडी घ्या, चिपवर साठवणारी. हलणारं काही नसतंच तिच्यात."

बजेटमध्ये २५६ जीबीचीच बसली. आधीची ५०० ची डिस्क नवीच होती. डेटा चढवून पाचशे रुपये वजा केले आणि ती ठेवून घेतली. कॉम्प्युटर पंधरा सेकंदांत चालू व्हायला लागला. अण्णा खूश.

तीन महिन्यांनी पुतण्यानं जागा भरली म्हणून 'जुने' नावाचं फोल्डर शिफ्ट दाबून डिलीट केलं. जकार्डची, म्हणजे मागावर चादरीत विणायच्या नक्षीची, डिझाइनं होती त्यात. अण्णा रिक्षातून, सीपीयू मांडीवर घेऊन दुकानात. "मागल्या बारीला काढून दिलता की ओ."

दिली होती, पण हार्डडिस्कवरून. तिथं डिलीट म्हणजे फक्त नोंद जाते. वर दुसरं काही लिहीपर्यंत माल जागेवर असतो. एसएसडीला विंडोज लगेच ट्रिमची कमांड देतं, की हे ब्लॉक आता रिकामे धर. स्कॅनमध्ये मोर, कमळ, सगळी नावं आली, साइझसकट. अण्णांचा चेहरा उजळला. उघडून पाहिलं तर प्रत्येक फाइलमध्ये नुसते शून्य.

बॅकअपचं बोललो होतो, असं मी अण्णांना ऐकवलं. बिल करताना पुटपुटलो असेन. आमच्या लाइनीत सगळे स्पीड दाखवून विकतात, ट्रिमचं कुणी काढत नाही. गिऱ्हाईकही दुसऱ्या डिस्कचं नाव काढलं की उठून जातं.

"जुनी डिस्क हाय न्हवं तुझ्याकडं?"

ती मी फॉरमॅट करून एका हॉटेलच्या डीव्हीआरमध्ये घातली होती. सीसीटीव्हीला हार्डडिस्कच परवडते, स्वस्तात जागा जास्त. तीन महिने रात्रंदिवस तिच्यावर गल्ला आणि दरवाजा लिहिला जात होता, एकावर एक. तरी त्या संध्याकाळी काढून आणली, रात्रभर स्कॅन लावला. एक कमळ निघालं, तेही अर्धं.

आता अण्णांनी घरातल्या जुन्या चादरी काढल्यात. पुतण्या भिंग घेऊन धागे मोजतोय आणि ग्राफवर मोर उतरवतोय. स्कॅनचे किती द्यायचे, म्हणून काल अण्णांचा फोन आला होता. मी उचलला नाही.