कडुनिंबाचे सोने

दसऱ्याला आपण आपट्याची हिरवी पाने सोने म्हणून वाटतो. खरोखर सोनेरी पान पाहायचे असेल तर सोलापुरात माघ-फाल्गुनापर्यंत थांबावे लागते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठून महिना लोटतो, पहाटे अजून गारवा असतो पण अकराच्या उन्हात डोके तापू लागते, त्या सुमारास रेल्वे लाईन्सकडून सात रस्त्याकडे जाणाऱ्या माझ्या नेहमीच्या फेरीत कडुनिंब पिवळे पडलेले दिसतात.

यंदा मी जरा हट्टानेच पाहू लागलो, त्याला कारण भाचा. टोकियोत नोकरी करणाऱ्या या मुलाने नोव्हेंबरअखेरीस मेइजी जिंगू गायेनच्या रस्त्याचे चित्रण पाठवले होते. जेमतेम तीनशे मीटरचा रस्ता, चार रांगांत १४६ गिंको वृक्ष, आणि खालपासून शेंड्यापर्यंत एकच पिवळा रंग. ‘मामा, आपल्याकडे असे काही नाही,’ हे त्याने खाली लिहिले नसते तर मी कौतुक करून गप्प बसलो असतो.

आपल्याकडे आहे, फक्त त्याचे कारण वेगळे आहे. तिकडे दिवस लहान होतात, थंडी वाढते, पानातले हरितद्रव्य विघटित होते आणि मुळातच पानात असलेली पिवळी द्रव्ये उघडी पडतात. पानातली घडामोड इथेही तीच, पण इथे ती थंडीमुळे नव्हे, तहानेमुळे घडते. परतीचा पाऊस ऑक्टोबरात संपला की पुढचे कितीतरी महिने सोलापूरच्या जमिनीला पाणी नाही; हवा कोरडी होत जाते, आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी झाड देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार करून पान सोडून देते. ओलाव्याच्या जागी कडुनिंब बहुतेक वर्षभर हिरवा राहतो, आमच्याकडे मात्र तो जवळजवळ उघडा होतो, तोही थोडेच दिवस, कारण लगेच तांबूस कोवळी पालवी फुटते आणि पाडव्याला आपण तीच तोडायला जातो.

कडुनिंबाचे पान अखंड गळत नाही. कोयत्यासारखी वाकडी पानुली एकेक करून गिरक्या घेत येतात आणि मधल्या काड्या मागाहून पडतात. त्यामुळे वारा नसतानाही झाडाखाली सतत काहीतरी भुरभुरत असते. सात ते साडेसात ही वेळ उत्तम. ऊन तिरपे असते आणि रस्ता खरोखर सोन्याचा वाटतो. नऊनंतर सोलापूरची धूळ त्यावर बसते आणि रंग मातकट होतो, हे भाच्याला मी सांगितलेले नाही. वाटेत एका बंगल्याच्या कुंपणाशी देशी बदाम आहे, त्याची लालभडक पाने या सगळ्या पिवळ्यात उठून दिसतात. पान गळण्यापूर्वी त्यात हा लाल रंग नव्याने तयार होतो.

झाडणाऱ्या मावशींना माझे हे थांबून पाहणे चमत्कारिक वाटत असावे. ‘दुपारच्याला या, परत एवढंच पडलेलं असतंय,’ असे त्या एकदा म्हणाल्या. त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गोळा केलेल्या ढिगाला काडी लावणाऱ्यांबद्दल. ज्या पाल्याचे उत्तम खत होते त्याचा धूर करून तो साऱ्या गल्लीला हुंगायला लावण्यात काय शहाणपण आहे, हे मला आजवर कळलेले नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी एक पोतेभर पाने उचलून घरी आणली. नवा जोंधळा येऊ घातला होता आणि आई त्यात किडीसाठी कडुनिंबाचा पाला घालते, हे डोक्यात होते. तिने पोत्यात हात घातला, मूठभर पाने चुरगाळून वास घेतला आणि सांगितले की गळलेला पाला चालत नाही, झाडावरचा हिरवा तोडून सावलीत वाळवावा लागतो. मग ते सगळे सोने तिने कढीपत्त्याच्या आळ्यात ओतले आणि वर दोन तांबे पाणी घातले.