डक्ट कुणी साफ करायचा?

गेल्या एप्रिलमध्ये धाकटीचा खोकला काही केल्या थांबेना. दिवसा बरी असायची, रात्री कूलर लावला की सुरू. डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता विचारलं, "कूलर शेवटचा कधी साफ केलाय?" मला उत्तर देता आलं नाही.

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. मागच्या गल्लीत यंत्रमाग. कूलर मालकांचाच, गच्चीवर बसवलेला. तिथून गार हवेचा पत्र्याचा डक्ट हॉलमध्ये आणि आतल्या खोलीत उतरतो. कूलरचं गवत दरवर्षी मीच बदलते. डक्टच्या आत मात्र कधी पाहिलं नव्हतं.

ह्यांनी स्टुलावर चढून जाळी काढली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि बाहेर आला तो चादरीच्या तुकड्याएवढा जाड, ओलसर थर. सुताचे तंतू, धूळ, कबुतराची पिसं, सगळं एकमेकांत घट्ट बसलेलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे पापुद्रे त्याला चिकटलेले. हे सगळं माझ्या लेकीच्या उशाशी फुंकलं जात होतं. त्या रात्री इतक्या उकाड्यातही कूलर लावला नाही.

खाली जाऊन मालक काकांना सांगितलं. "वापरता तुम्ही, मग साफ आम्ही कसं करायचं ओ?" ते म्हणाले. मला राग आला. मग करार काढून वाचला. पंखे, ट्यूब मोजून लिहिलेले. कूलरचा उल्लेखच नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरूने करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण आपले अकरा महिन्यांचे करार बहुतेक लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे भाडेकरूचा हक्क नाही, फक्त राहायची परवानगी. तिथे करारात लिहिलं असेल तेच कामाला येतं. म्हणून सही करण्याआधी भांडा, नंतर नको.

माझं मत सांगते. हाताला लागतं ते राहणाऱ्याचं: जाळी पुसणं, गवत बदलणं, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासणं. डेंग्यूचा डास साध्या साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथे टाकी ओतून द्यायला जीव होत नाही, कळतं मला. मी ते पाणी गॅलरी धुवायला वापरते. पण जे शिडी लावून, स्क्रू खोलून उतरवावं लागतं, ते मालकाचं. आणि घर ताब्यात देताना डक्ट साफ करूनच द्यायला हवा.

दुसऱ्या दिवशी तो थर वर्तमानपत्रात गुंडाळून काकांपुढे ठेवला. काकांचं आयुष्य मागावर गेलेलं, दम्याचा पंप कायम खिशात. त्यांनी तूस बोटांत चुरगाळून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात पत्र्याचं काम करणारा आला. डक्ट तीन तुकड्यांत उतरवून धुतला, वळणावर हात जाईल अशी कडीची झडप बसवली. बिल काकांनी दिलं. यंदा जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर करार नव्याने केला, त्यात कूलर-डक्टच्या दोन ओळी वाढवल्या. धाकटीला आता रात्री शांत झोप लागते.

आमचं काम झालं तसं काकूंनी त्या माणसाला खालच्या घरातला डक्टही उघडायला लावला. त्यांचा नातू सुट्टीला येणार होता.