इंधन संपल्यावर सांबरा गाठता येते का? सेस्ना 172 च्या सरावाची नोंद

घरच्या सिम्युलेटरवर सध्या एकच विषय घेतला आहे: कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून निघालेले सेस्ना 172 एन हे एका इंजिनाचे छोटे विमान बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या अलीकडे इंधनाअभावी बंद पडले, तर पुढे काय होते. विषय मुद्दाम निवडला. अमेरिकेत वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने 2011 ते 2015 या काळातील अपघात तपासले, तेव्हा इंधनाशी संबंधित अपघातांपैकी 56 टक्के टाकी पूर्ण रिकामी झाल्यामुळे घडल्याचे आढळले. अशा अपघातांतील 48 टक्के वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. म्हणजे हा प्रश्न नवशिक्यांपुरता नाही.

आधी हिशेब. या विमानाच्या साध्या टाक्यांत 43 गॅलन इंधन मावते, पण वापरता येते ते 40, म्हणजे सुमारे 151 लिटर. उरलेले 11 लिटर इंजिनापर्यंत पोहोचेलच याचा भरवसा नसतो. तासाला साधारण 30 लिटर जळतात. डिपस्टिकने मोजून एकूण 40 लिटर भरले, तर ते पुरेसे वाटतात, पण त्यांतले वापरण्याजोगे 29 च, म्हणजे जेमतेम तासभराचे. त्यांतून दिवसाच्या उड्डाणासाठी अमेरिकी नियमाने ठेवायचा अर्ध्या तासाचा साठा वजा केला, की 28 मिनिटे उरतात, आणि उजळाईवाडी ते सांबरा हे सुमारे 95 किलोमीटर अंतर चढाईसह त्यात बसत नाही. अशा वेळी उड्डाण करायचेच नाही, हे माझे ठाम मत आहे. पंखांतल्या रुंद, उथळ टाक्यांत इंधन हिंदकळले की काटेही डोलतात, म्हणून पडद्यावरच्या इंधनकाट्यांवर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि फक्त घड्याळ पाहतो.

अपघाताच्या सरावासाठी माझा भाचा एकूण 28 लिटरच भरतो. संकेश्वर सुखरूप मागे पडते. काकतीच्या पूर्वेला, सांबरा जवळपास 12 किलोमीटर असताना, इंजिन एकदोनदा दचकते आणि थांबते. पंखा वाऱ्याने फिरतच राहतो, त्यामुळे इंजिन चालू असल्याचा भास होतो. उंचीमापक 5,500 फूट दाखवतो, पण तो समुद्रसपाटीपासून. सांबऱ्याची जमीनच सुमारे 2,500 फुटांवर असल्याने हाती 3,000 फूटच राहतात. 65 नॉट (ताशी सुमारे 120 किलोमीटर) वेग धरला, तर वारा नसताना 1,000 फुटांमागे साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर, कापता येतात. म्हणजे एकूण 8 किलोमीटर. धावपट्टी समोर दिसते, पण ती आवाक्यात नाही. नाक वर ओढून अंतर वाढत नाही, उलट घटते, आणि वेग फार पडला तर विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटून ते खाली कोसळू लागते.

म्हणून शेत निवडावे लागते. सिम्युलेटरला सगळे हिरवे सपाट दिसते, पण या भागात उभा ऊस आणि विजेच्या तारा असतात, त्यामुळे मी दुचाकीवरून जाऊन कापणी झालेली लांब शेते पाहिली आणि नकाशावर खुणा केल्या. उतरण्यापूर्वी इंधनाचा कॉक बंद, दरवाजे अर्धवट उघडे आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण खाली करून झाल्यावरच मास्टर स्विच बंद, कारण हे फ्लॅप विजेवर चालतात. हा क्रम आता चुकत नाही.

पुढचा टप्पा रात्रीचा आहे: 45 मिनिटांचा राखीव साठा, आणि निपाणीच्या पुढे वारा समोरून.