पाच ठिपक्यांच्या पट्ट्या

बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. पाठ करायला मिनिटही लागत नाही. आमच्या विज्ञानाच्या सरांनी मात्र या एका ओळीसाठी प्रयोगशाळेतले कितीतरी तास खर्ची घातले. न्यूटनने गतीचे नियम 1687 मध्ये प्रसिद्ध केले आणि आज आपण लिहितो तसं रूप त्यांना ऑयलरने 1750 च्या सुमारास दिलं. थोरामोठ्यांना जिथे साठ वर्षं लागली, तिथे नववीच्या पोरांना एका तासात कसं पोचवायचं, असं सर म्हणत. शाळेने मला जे जे दिलं, त्यात ते तास मी सगळ्यांत वर ठेवतो.

लांब टेबलावर एक गुळगुळीत फळी, फळीवर लाकडी ट्रॉली, टेबलाच्या कडेला कप्पी. कप्पीवरून गेलेल्या दोऱ्याच्या टोकाला आकडा आणि आकड्यात वजनं. ट्रॉलीच्या मागे कागदाची लांब पट्टी, ती टिकर टायमर या ठरावीक वेळाने ठिपके पाडणाऱ्या यंत्रातून सरकायची. आपल्या विजेच्या 50 आवर्तनांवर तो चालतो, म्हणून सेकंदाला 50 ठिपके. सुरुवातीला सर वजनांना हातच लावू देत नसत. फळीच्या एका टोकाखाली जुन्या वह्या सारायच्या, ट्रॉलीला बोटाने हलकेच ढकलायचं आणि पट्टी बघायची. ठिपके सारख्या अंतरावर पडले की समजायचं, उताराने घर्षणाचं देणं फेडलं. त्यानंतरच बलाचा हिशेब मांडायचा.

ट्रॉली आणि सगळी वजनं मिळून 1 किलो. आकड्यात 20 ग्रॅम टाकले की ओढणारं बल सुमारे 0.2 न्यूटन. ट्रॉली सुटली की ठिपके विरळ होत जात. दर पाच फटींवर पट्टी कापायची, म्हणजे एकेक तुकडा सेकंदाच्या दहाव्या भागाचा. ते तुकडे वहीत शेजारी शेजारी चिकटवले की प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा 2 मिलिमीटर उंच निघे. आकड्यात 40 ग्रॅम असले की हीच वाढ 4 मिलिमीटर. तुकड्यांच्या वरच्या टोकांना मोजपट्टी लावून सरळ रेघ ओढताना जो आनंद होई, तो कुठल्याच परीक्षेतल्या गुणांनी झाला नाही.

यातली खरी मेख अशी, की वाढीव 20 ग्रॅम ट्रॉलीवरचेच काढून आकड्यात टाकायचे, कपाटातून नवे आणायचे नाहीत. का, ते सर सांगत नसत. आम्ही मधल्या सुट्टीतही त्यावरच वाद घालायचो. आकड्यातलं वजन ट्रॉलीला ओढतं खरं, पण स्वतःही तिच्याबरोबर वेग घेत असतं. बाहेरून वजन आणलं तर बलाबरोबर हलवायचं वस्तुमानही वाढतं आणि काय कशामुळे झालं ते कळेनासं होतं. हे कोणी न सांगता उमगलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही शिस्त मला तिथेच लागली.

बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या काळात, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम अरुंद रूळ पडले तेव्हा डबे बैल ओढत असत. आपल्या बडोद्याच्या मुलांना हे ठाऊक हवंच. सरांनी त्यावरूनच विचारलं होतं : गाडी एका चालीने चालली आहे, बैल ओढताहेत, म्हणजे बल आहे, मग त्वरण शून्य कसं? उत्तराला त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली. बैलांची ओढ आणि उलट दिशेचा रोध बरोबरीत आले, की उरलेलं बल शून्य. सूत्रातलं बल म्हणजे हे उरलेलं बल. माझ्या पाहण्यातले कितीतरी शिकलेले लोक आजही इथेच अडतात.

पुढे मी बडोद्याच्या मकरपुऱ्यात कारखान्यातल्या क्रेनच्या कामात पडलो. 10 टनांचा जॉब, म्हणजे उचलायची वस्तू, हुकाला नुसता टांगलेला असताना दोरावर 98,000 न्यूटन ताण असतो. तोच 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर घ्या, ताण 1,03,000 होतो. स्लिंग, म्हणजे जॉबला बांधलेला दोर, ढिली ठेवून एकदम झटका दिला तर किती होईल, याचा विचारही नको. म्हणून आधी स्लिंग ताणून घ्यायची, थांबायचं, मग उचलायचं. टांगलेला जॉब अधांतरी असल्याने नव्या खलाशाला, म्हणजे जॉब बांधणाऱ्या कामगाराला, हलका वाटतो. पण वजन दोराने पेललं तरी वस्तुमान कुठे जात नाही. माणसाने 200 न्यूटन जोर लावला तरी 10 टनांचा वेग दर सेकंदाला जेमतेम 2 सेंटिमीटर प्रति सेकंदाने बदलतो. झुलत आलेल्या जॉबपुढे हात धरणं म्हणजे हात गमावणं. नव्या मुलांना हे मी खडूने फरशीवर आकडे मांडून दाखवतो.

आता प्रयोगशाळा नवी होते आहे, पडदे आणि संगणक येणार आहेत. येऊ देत. पण लांब टेबल काढू नका, अशी माझी विश्वस्तांना कळकळीची विनंती आहे. फळ्या, ट्रॉल्या, कप्प्या, टायमर आणि कागदाच्या पट्ट्यांची रिळं आमची तुकडी देणार आहे. दिवाळीनंतर शाळा उघडेल तेव्हा ट्रॉल्यांची चाकं तपासून द्यायला मी स्वतः येईन.