नाव सापडलं ते शेवटच्या अक्षरांत

इंग्लंडमध्ये नाण्यांच्या एका विक्रीत मातीने माखलेली बारा रोमन नाणी घेतली, तेव्हा वाटलं होतं की धुतली की चेहरा दिसेल आणि चेहरा दिसला की सम्राट कळेल. दोन्ही समजुती चुकल्या.

पहिलं नाणं मी माझ्याच हाताने घालवलं. आमच्या घरी तांब्याची भांडी चिंच-लिंबाने घासतात. त्याच सवयीने ते लिंबाच्या रसात टाकलं. सकाळी हिरवा थर गेला होता, त्याबरोबर अक्षरंही. इतकी शतकं जमिनीत राहिलेल्या नाण्यावरची अक्षरं बरेचदा त्या थरातच उरलेली असतात. अजून वाईट वाटतं. उरलेली अकरा डिस्टिल्ड पाण्यात ठेवली, रोज पाणी बदललं, आणि तीन आठवड्यांनी भिंगाखाली गुलाबाच्या काट्याने माती उकरायला बसले.

चेहऱ्यांचा उपयोग होईना. चौथ्या शतकातले सम्राट नाण्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून मागची बाजू आधी बघायला लागले. एक नाणं १५ मिलिमीटरचं, दीड ग्रॅमच्या आतलं. दोन सैनिक समोरासमोर, मधे ध्वज. इथे ध्वज मोजायचे: दोन असतील तर साधारण ३३० ते ३३५, एकच असेल तर ३३५ ते ३४१. माझ्याकडे एकच. तळाच्या रेघेखाली टी, आर, एस. म्हणजे आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरची टांकसाळ, तिथला दुसरा विभाग.

नावावर मात्र चार रात्री गेल्या. डावीकडे 'कॉन्स्टान' एवढंच शाबूत, आणि तिथेच खरी अडचण आहे: कॉन्स्टंटाईन, त्याच नावाचा त्याचा मुलगा, कॉन्स्टन्शियस आणि कॉन्स्टन्स, सगळ्यांची सुरुवात तीच. टॉर्च टेबलाला टेकवून उजेड आडवा पाडला, तेव्हा उजवीकडे 'व्हीएस' आणि पुढे 'एव्हीजी' उठून आलं. नाण्यांवरच्या लॅटिनमध्ये 'यू'च्या जागी 'व्ही' लिहितात, म्हणजे नाव 'उस'ने संपतंय. कॉन्स्टन्सच्या नावात शेवटी 'व्हीएस' नसतं, तो बाद. कॉन्स्टंटाईनच्या लॅटिन नावात, कॉन्स्टान्टिनुसमध्ये, 'व्हीएस'च्या आधी 'एन' असतो. 'व्हीएस'च्या आधी सरळ उभी रेघ होती, 'एन'ची तिरपी रेघ कुठेच नव्हती. कॉन्स्टन्शियस! 'एव्हीजी' म्हणजे ऑगस्टस, पूर्ण सम्राट, आणि ती पदवी त्याला बाप कॉन्स्टंटाईन वारल्यावर, सप्टेंबर ३३७ मध्ये मिळाली. त्याआधीच्या नाण्यांवर तो सीझर, म्हणजे कनिष्ठ सम्राट, असतो.

एक शंका उरली होती. ब्रिटनमध्ये या नाण्यांच्या स्थानिक नकला अमाप निघाल्या. पण त्यांची अक्षरं बरेचदा वेडीवाकडी असतात. माझी नीट आहेत, वजनही बसतं.

वहीत लिहिलं: कॉन्स्टन्शियस दुसरा, ट्रिअर, ३३७–३४१. 'कुठे सापडलं' हा रकाना कोरा राहिला, विक्रेत्याला ते सांगता आलं नाही. इथे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये सापडलेल्या वस्तूंची ठिकाणासह नोंद करता येते. यापुढे तशी नोंद असलेलंच नाणं घेणार आहे.