राणीबाग ते कान्हेरी: आत्यासोबत वटवाघळांचा रविवार

"डोक्यावरचं एखादं सरळ झालं की बाजूला हो," असं आत्या म्हणाली खरी, पण तोवर माझ्या शर्टावर शिंतोडे उडाले होते. मोठं वटवाघूळ दिवसभर उलटं लटकतं. विधी उरकायचा झाला की मात्र अंगठ्याच्या नख्यांनी फांदी धरतं, डोकं वर करतं आणि काम झालं की परत उलटं. राणीबागेत उंच झाडांखाली उभं राहणार असाल तर टोपी घाला, आणि एखादं सरळ होताना दिसलं की पळा.

मार्चमधला रविवार होता. भायखळ्याला पूर्वेला उतरून दहा मिनिटं चाललं की बाग. बुधवारी बंद असते. पिंजऱ्यांकडे गर्दी असते, झाडांच्या शेंड्यांकडे कुणी मान वर करत नाही. उन्हं चढली तशी काळी पोतडी हलायला लागली. एकेक जण पंख उघडून स्वतःला वारा घालत होता, अंग चाटत होता. दुर्बीण हवीच. तिच्याशिवाय ही नुसती वाळलेली पानं वाटतात.

आत्या प्राणिवर्तनाची संशोधक, आता निवृत्त. ८०च्या दशकात दादर सोडून मदुराई कामराज विद्यापीठात गेली. तिथे एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांच्या शरीरातल्या घड्याळावर काम उभं केलं होतं. गुहेतल्या मिट्ट काळोखात लटकलेल्या वाघळांना संध्याकाळ झाली हे कळतं कसं? आतलं घड्याळ त्यांना वेळेवर उठवतं, मग ती गुहेच्या तोंडाशी फेऱ्या मारून उजेड किती उरलाय ते बघतात आणि पुरेसं अंधारलं की बाहेर पडतात. आत्याचं हे काम आजीला शेवटपर्यंत पटलं नाही. स्थळं यायची तेव्हा ती "मुलगी कॉलेजात शिकवते" एवढंच सांगायची.

बागेत आत्याने मला कामाला लावलं. एकच वटवाघूळ निवडायचं आणि दर मिनिटाला ते काय करतंय ते लिहायचं. माझी अर्ध्या तासाची नोंद अशी: झोप, झोप, वारा, शेजाऱ्याशी भांडण, झोप. कंटाळवाणं वाटेल, पण विसाव्या मिनिटाला शेजारी जागेवरून हटला आणि माझ्यावाला तिथे सरकला. जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड नॉयवायलर यांनी मद्रासमध्ये अशीच एक वसाहत न्याहाळली, तेव्हा नरांमध्ये कोणाची जागा कुठली यावरून चढउतार ठरलेला दिसला. १९६९ साली ते छापून आलं. चाळीत खोलीवरून भांडणं पाहिलेल्याला यात काही नवल नाही.

दादरला लोकल बदलून बोरिवली. गाडीत आत्याने तिची आवडती गोष्ट सांगितली. १९४८ साली तमिळनाडूच्या डोंगरात पकडलेलं एक फळं खाणारं वटवाघूळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आलं आणि दुसऱ्याच जातीच्या नावाने पडून राहिलं. १९७२ साली थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्या यांनी ती नवीच जात असल्याचं दाखवून दिलं आणि सलीम अलींवरून तिला नाव दिलं. "चोवीस वर्षं मुंबईच्या कपाटात होतं," असं म्हणताना तिला अजून चीड येते.

कान्हेरीची लेणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, तिथे जायला उद्यानाची बस मिळते. लेण्यांचं तिकीट वेगळं. सोमवारी जाऊ नका, उद्यानच बंद असतं. फाटकापासून लेणी लांब आहेत, उन्हात पायी जाण्यात शौर्य नाही. आतल्या काळोख्या खोल्यांतल्या वाघळांचा आधी वास येतो. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि बोलणी खाल्ली. दिवसा झोपमोड झाली की ती उडतात, शक्ती वाया जाते. पिल्लं अंगाला असतील तर आणखीच वाईट. दारातूनच बघा. खाली पडलेलं वाघूळ दिसलं तरी उघड्या हाताने उचलू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रेबीजची लस लागते.

शिवाय ती आता उपद्रवी नाहीत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या यादीत टाकली होती, २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. बदामाच्या झाडाखाली गाडी लावून सकाळी काचेवर चघळलेला चोथा पुसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

संध्याकाळी उद्यानातून बाहेर पडलो तरी आत्या निघेना. फाटकाबाहेरच्या दिव्याखाली तिने पिशवीतून एक खोका काढला. कीटक खाणाऱ्या वाघळांचे आवाज आपल्या कानाच्या आवाक्याबाहेरचे असतात, हे यंत्र ते ऐकू येतील असे करतं. १९३८ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी अशाच एका यंत्रासमोर वटवाघूळ धरलं तेव्हा हे आवाज पहिल्यांदा माणसाला ऐकू आले. आत्याने काटा ४५ किलोहर्ट्झवर आणला. आधी रिक्षांची खरखर. मग टिक... टिक... टिक. दिव्याभोवती पाकोळी, म्हणजे छोटं कीटक खाणारं वाघूळ, वळली तशी टिकटिक दाट होत गेली आणि एकदम झर्रर्र!

"किडा पकडला," आत्या म्हणाली. वहीत वेळ लिहिली, ७:०४, आणि यंत्र परत वर धरलं. आम्ही साडेआठची लोकल पकडली.