औषध कॅनडाचं, पेशंट अमेरिकेचा

आमचा आतेभाऊ अमेरिकेतनं सांगलीला आला की आधी भडंग आणि मग विश्रामबागेतलं मेडिकल, हे ठरलेलं. डॉक्टरांची चिठ्ठी पुढं करायची, मेडिकलवाला स्ट्रिपा मोजून रबर लावणार, वर डिस्काउंट देणार आणि आमचे साहेब बिल बघून खूश. तसं जुन्या जनेरिक गोळ्या तिकडंही फार महाग नाहीत म्हणे, बऱ्याच तर भारतातनंच जातात, खरा घोळ आहे पेटंटवाल्या औषधांचा, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत इन्सुलिनचाही होता. त्यावर उपाय म्हणून तिकडं काहीजण म्हणतात, औषधं शेजारच्या कॅनडातनं स्वस्तात मागवा.

इन्सुलिनचं तर बघाच. १९२१ ला टोरांटोत शोध लागला, शोधणाऱ्यांनी पेटंट एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं, आणि २०१९ मध्ये अमेरिकेतले शुगरचे पेशंट बसमध्ये बसून डेट्रॉईटवरनं बॉर्डर ओलांडून कॅनडात इन्सुलिन आणायला गेले, सोबत खासदार बर्नी सँडर्स! मग जानेवारी २०२४ ला फ्लोरिडा राज्याला कॅनडातनं औषधं मागवायची परवानगी मिळाली. ऐकायला भारी वाटतं, पण कॅनडाची लोकसंख्या ४ कोटींच्या आसपास आणि अमेरिकेची ३३ कोटींच्या वर, पुरणार कुणाला? कॅनडानं तर २०२० लाच नियम काढला की आमच्याकडं तुटवडा होणार असेल तर औषध बाहेर जाणार नाही. बरोबरच आहे की त्यांचं.

आणि कॅनडात स्वस्त का, तर पेटंटच्या औषधांचा भाव अति वाढू नये म्हणून तिथं १९८७ पासून सरकारी बोर्ड बसलंय. अमेरिकेनं मात्र २००३ च्या कायद्यात म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला कंपनीशी भाव करायलाच बंदी घातली, ती २०२२ ला काही औषधांपुरती उठली. म्हणजे घरात भाव करायचा नाही आणि शेजाऱ्यानं घासाघीस करून आणलेलं उचलायचं, मला हे काय पटत नाही.

आपल्याकडं २०१२ ला नेक्साव्हर या कॅन्सरच्या औषधाचं सक्तीचं लायसन्स, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची परवानगी नसताना औषध बनवायची सरकारी मुभा, नॅटको कंपनीला दिलं, महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरनं ८,८८० वर आला. बाहेरनं काही आणलं नाही, इथंच बनवलं. पण जे इथं बनतच नाही त्याचं काय? २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी १६ कोटींचं इंजेक्शन परदेशातनं मागवलं, सरकारनं जवळपास ६ कोटींचा टॅक्स माफ केला, कंपनीचा भाव मात्र तोच राहिला आणि ते पैसे लोकांनी वर्गणी काढून भरले.